हिमरू, मशरू आणि डुंगरी : पुरुषांच्या वस्त्राची पारख

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण मराठी घरांतून आजहि ऐकूं येते. माणसाच्या अंगभूत तेजापेक्षां त्याच्या कपड्याचें तेज दसपट, असा तिचा सरळ अर्थ. म्हण खरी कीं खोटी हा वाद क्षणभर बाजूस ठेवला, तरी एक प्रश्न उरतोच. हें दसपट तेज कोणत्या कपड्याचें? महागाचें, नव्या तऱ्हेचें, कीं चांगल्या कपड्याचें? आणि चांगला कपडा ओळखावा तरी कसा?

या प्रश्नाचें उत्तर दुकानाच्या काचेच्या कपाटांत शोधण्यापेक्षां एका शहराच्या इतिहासांत शोधणें अधिक सोयीचें आहे. तें शहर म्हणजे मराठवाड्यांतील औरंगाबाद. २०२३ पासून त्याचें अधिकृत नांव छत्रपति संभाजीनगर असें झालें आहे. विमानानें येणारा प्रवासी येथें प्रथम उतरतो तो शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावरील चिकलठाण्यास. एके काळचें हें खेडें. आतां तेथें विमानतळ आहे आणि कारखान्यांची मोठी वसाहतहि आहे. विमानतळांतून बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या अंगांत चामड्याचें जाकीट, कारखान्यांतून सुटणाऱ्या कामगाराच्या पायांत निळी जाड विजार, आणि लग्नाच्या वऱ्हाडांतील नवरदेवाच्या अंगांत चकचकीत शेरवानी, असे तीन पोशाख या एकाच रस्त्यावर एकमेकांस ओलांडून जातात. तिघांनींहि पैसे मोजलेले असतात. त्या पैशांच्या मोबदल्यांत आपणांस काय मिळालें, हें मात्र तिघांपैकीं क्वचितच एखादा सांगूं शकेल. पूर्वीं तसें नव्हतें. कापड विणणारा, तें शिवणारा आणि तें अंगांत घालणारा, या तिघांसहि कापडाची भाषा कळत असे.

या भूमीचा आणि कापडाचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें समुद्रप्रवासाचें वर्णन उपलब्ध आहे. लेखकाचें नांव ठाऊक नाहीं. परंतु त्यास बाजारपेठांची माहिती चांगली होती. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें तो लिहितो. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. तेथून साधें कापड पुष्कळ, आणि मलमलीचे नाना प्रकार, गाड्यांवर लादून भडोचेस जात. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, व्यापाऱ्यानें तलम कापडाबरोबर साध्या कापडाचाहि उल्लेख केला आहे. दोहोंसहि परदेशांत गिऱ्हाईक होतें. जाडें म्हणून कापड वाईट ठरत नसे.

पुढें पांचव्या शतकांत अजिंठ्याच्या भिंतींवर जीं चित्रें रंगविलीं गेलीं, त्यांत त्या काळचा पोशाख डोळ्यांनीं पाहतां येतो. राजे आणि राजपुत्र कमरेस तलम, न शिवलेलें वस्त्र नेसलेले आहेत. शिवलेले झगे व टोप्या दिसतात त्या मुख्यतः परदेशी पाहुण्यांच्या आणि नोकरचाकरांच्या अंगावर. धोतर, उपरणें व पागोटें हा पोशाख त्याच परंपरेंतील. या वस्त्रांस शिवण नाहीं, अस्तर नाहीं, म्हणून दोष झांकण्यास जागाहि नाहीं. वारा आला कीं उपरण्याची उलट बाजू चारचौघांस दिसावयाचीच. पैठणचा अस्सल शेला आजहि दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. त्याच्या पदरावरील नक्षीची सुलट कोणती व उलट कोणती हें पटकन् सांगतां येत नाहीं. पेशव्यांच्या पत्रव्यवहारांत पैठणच्या दुपट्ट्यांची मागणी आढळते, ती कांहीं उगीच नव्हे.

देवगिरीच्या यादवांनंतर या भागांत दिल्लीची सत्ता आली. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली आणि तिला दौलताबाद असें नांव दिलें. त्याच्याबरोबर दिल्लीचे विणकरहि आले. पुढें सुलतान परत गेला, परंतु विणकर मात्र येथेंच राहिले, अशी परंपरागत समजूत आहे. पुढें १६१० सालीं मलिक अंबरानें जवळच्या खडकी गांवीं नवें शहर वसविलें. १६५३ सालीं औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि या शहरास औरंगाबाद हें नांव मिळालें. सुभेदाराचें ठाणें म्हटलें कीं सरदार आले, सरदार आले कीं त्यांचे दरबारी पोशाख आले, आणि पोशाखांमागोमाग विणकरांस काम आलें. या दरबारांत सर्वांत मानाचें कापड म्हणजे किनखाप. रेशमावर सोन्यारुप्याच्या तारेची नक्षी असलेलें हें कापड दिसण्यास भव्य, वजनास जड आणि किंमतीस त्याहूनहि जड. तें सर्वांस परवडणें शक्य नव्हतें. या अडचणींतून जें कापड औरंगाबादेस नांवारूपास आलें, त्याचें नांव हिमरू.

‘हिमरू’ हा शब्द फारसी ‘हम-रूह’ यापासून आला व त्याचा अर्थ ‘सारखें’ असा आहे, अशी व्युत्पत्ति सांगतात. कशासारखें? तर किनखापासारखें. म्हणजे या कापडानें आपण नक्कल आहों हें आपल्या नांवांतच कबूल केलें आहे. मागावर ताणा सुताचा असे. बाणाहि सुताचा, आणि नक्षीपुरता रेशमाचा जादा बाणा भरीत. सोन्यारुप्याची तार त्यास लागत नसे. ही नक्षी उठविण्याची रीति मोठी कष्टाची होती. विणकर खड्डामागावर पाय खालीं सोडून बसे आणि त्याचा जोडीदार मागाच्या वरच्या अंगास बसून दोऱ्या ओढी. कोणती दोरी केव्हां ओढावयाची हें नक्षी बांधणाऱ्यानें अगोदर दोऱ्यांच्या गुंफणींत बांधून ठेवलेलें असे. या गुंफणीस जाला म्हणत. दोरी ओढली कीं ताण्याचे ठराविक धागे उचलले जात आणि त्यांखालून रेशमाचा धोटा जाई. दोघांपैकीं एकाचें लक्ष चुकलें कीं वेलीचें पान वांकडें झालेंच. फुलें, वेली, कुयऱ्या अशा नक्ष्या त्यांत येत. अजिंठ्याच्या चित्रांतील आकृतींचाहि हिमरूच्या नक्षीकारांनीं उपयोग केला आहे.

हिमरूचें रहस्य त्याच्या उलट बाजूस आहे. नक्षीस लागणारा रेशमाचा धागा जेथें वर दिसावयाचा नसतो, तेथें तो कापडाच्या पाठीमागें मोकळा सोडलेला असतो. अशा मोकळ्या धाग्यांचा पाठीवर एक मऊ थर तयार होतो. त्यामुळें हिमरू हातास लुसलुशीत लागतें, आणि थंडींत अंगास ऊब देतें. किनखापाची भव्यता त्यांत नाहीं. परंतु किनखापांत नसलेली ऊब व मवाळपणा त्यांत आहे. म्हणजे नक्कल करतां करतां विणकरांनीं मूळ वस्तूच्या पलीकडचा एक गुण निर्माण केला. अंगरखे, शेरवान्या, बंड्या आणि शाली यांकरितां हिमरू वापरलें जाऊं लागलें तें याच कारणानें.

हिमरूची भावंड शोभावी अशी दुसरी जात मशरू. ‘मशरू’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘धर्मशास्त्रास मान्य असलेलें’. पुरुषांनीं शुद्ध रेशीम अंगास लावूं नये, असा इस्लामी धर्मशास्त्राचा निर्बंध आहे. रेशमाची हौस तर आहे, आणि निर्बंधहि मोडावयाचा नाहीं, या पेचांतून विणकरानें जी वाट काढली, ती मोठी कौतुकास्पद आहे. ताणा रेशमाचा व बाणा सुताचा घेऊन त्यानें अशी वीण योजिली कीं, रेशमाचा प्रत्येक धागा बाण्याच्या अनेक धाग्यांवरून तरंगत जाऊन मग एकदांच खालीं बुडी मारतो. त्यामुळें वरच्या बाजूस रेशीमच रेशीम दिसतें आणि अंगास मात्र सूतच लागतें. सूत घाम शोषून घेतें. उष्ण हवेंत केवळ रेशमाचें वस्त्र अंगास चिकटतें, तसें मशरू चिकटत नाहीं. निर्बंध धर्माचा होता, परंतु सुख सर्वांसच झालें. म्हणून मशरूची विजार वा अंगरखा मुसलमान घरांप्रमाणें हिंदु घरांतूनहि आवडीनें वापरला जाई. येथेंहि नांव खोटें नाहीं. कापड उलटून पाहावें, नांवाचा अर्थ पाठीवर लिहिलेलाच आहे.

चांगलें कापड हातीं आलें, तरी अर्धेंच काम झालें. उरलेलें अर्धें शिंप्याचें. मराठवाड्यांत शिंप्याचा धंदा मोठ्या परंपरेचा आहे. संत नामदेवांचा जन्म शिंपी कुळांत, परंपरेनें इ. स. १२७० मध्यें, हिंगोली जिल्ह्यांतील नरसी येथें झाला असें मानतात. जुन्या अंगरख्यास वा जाम्यास गुंड्या नसत. तो बंदांनीं बांधीत. हे बंद हिंदूंनीं डाव्या अंगास व मुसलमानांनीं उजव्या अंगास बांधावे, असा रिवाज होता. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी लांब कोटाच्या वळणावर, गळ्यापासून खालीं गुंड्या असलेली शेरवानी प्रचारांत आली. हैदराबाद संस्थानांत तर ती जातिधर्माची खूण न राहतां सभ्य पुरुषाचा पोशाख झाली. सरकारी नोकर, वकील, शिक्षक, हिंदु असोत वा मुसलमान, शेरवानी घालूनच बाहेर पडत.

शेरवानीच्या शिवणींत शिंप्याची परीक्षा होई. नक्षीचें कापड बेततांना डाव्या छातीवरील वेल उजव्या छातीवरील वेलीशीं जुळली पाहिजे. बाहीच्या जोडावर फूल मधोमध चिरलें जातां कामा नये. हें साधण्यासाठीं कापड अधिक लागतें, आणि कंजूष शिंपी येथेंच हात आंखडतो. दुसरी खूण शिवणीच्या आंतील ‘माये’ची. शिवणीच्या पलीकडे जें जादा कापड आंत राखून ठेवतात, त्यास शिंपी माया म्हणतात. ही माया असली म्हणजे अंग वाढलें, तर कपडा उसवून मोठा करतां येतो. बापाचा कोट मुलास होतो. १८५१ सालीं सिंगरनें आपल्या शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून टीप घालणें सोपें होत गेलें, आणि पुढें तयार कपड्यांचे कारखाने निघाले. यंत्राची टीप हाताच्या टिपेहून कमी मजबूत असते असें नाहीं. परंतु हजारों कपडे एकदम बेतणारा कारखानदार मायेचें कापड वांचवितो, आणि गिऱ्हाईक आंत पाहात नाहीं.

कोटाचेंहि तसेंच. वरचें कापड आणि अस्तर यांच्यामध्यें छातीस आकार देणारा एक थर असतो. उत्तम शिंपी तो कॅनव्हासचा थर सैल टांक्यांनीं बसवितो. त्यामुळें कोट अंगाबरोबर हलतो व वापरानें अंगाचा आकार घेतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा थर लेपानें व उष्णतेनें चिकटविण्याची रीति रूढ झाली. तीहि नीट केली तर टिकते. परंतु हलक्या प्रतीची असली तर कांहीं धुलायांनंतर छातीवर फुगे येतात. कोट घेतांना छातीजवळचें कापड चिमटींत धरून पाहावें. वरचें कापड, मधला थर व अस्तर हे तिन्ही वेगवेगळे सरकत असले, तर तो कोट टांक्यांनीं सांधलेला आहे असें समजावें.

आतां पुन्हां इतिहासाकडे वळावयाचें. १७६३ सालीं निजाम अलीखानानें राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस नेली, आणि शहराचा दरबार उठला. तरी विणकर तगून राहिले. कारण हैदराबादचे अमीरउमराव हिमरू व किनखाप औरंगाबादेहूनच मागवीत. खरा धक्का बसला तो यंत्राचा, आणि त्यामागें एक हिशेबी बुद्धि होती. १८६६ सालीं लंडनच्या इंडिया ऑफिसमधील फोर्ब्ज वॉटसन या अधिकाऱ्यानें भारतीय कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटविले. असे २० संच तयार केले. त्यांपैकीं १३ ब्रिटनमध्यें ठेवले आणि ७ हिंदुस्थानांत पाठविले. हिंदी माणूस कोणतें कापड, किती पन्ह्याचें, कोणत्या कांठाचें पसंत करतो, हें विलायतेच्या गिरणीमालकांस घरबसल्या कळावें, हा त्यांतील हेतु. गिऱ्हाइकाची आवड हीच मोठी पुंजी आहे, हें विलायतेच्या व्यापाऱ्यांनीं पूर्णपणें ओळखलें होतें. खुद्द औरंगाबादेस १८८९ सालीं सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी निघाली. १९०० सालीं हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचें व विलायतेचें कापड आगगाडीनें येऊं लागलें. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राज्य संपलें. त्याबरोबर दरबारी पोशाखाचा आश्रयहि संपला. शेरवानी रोजच्या वापरांतून उठली व लग्नापुरती उरली.

ज्या मुंबईकडे आगगाडी जात होती, तेथेंच एका दुसऱ्या कापडाची कथा फार पूर्वीं सुरू झाली होती. मुंबईच्या डोंगरी भागांत एक जाडेंभरडें सुती कापड विकलें जाई. त्यास डुंगरी म्हणत. सतराव्या शतकांत हा शब्द इंग्रजी भाषेंत शिरला, व पुढें खलाशांच्या व कामकऱ्यांच्या जाड विजारींस इंग्रज लोक ‘डंगरीज’ म्हणूं लागले. आज जगभर तरुणांच्या अंगावर दिसणारी निळी जीन विजार या कष्टकरी कुळाची जवळची नातेवाईक. तिच्या कापडाचें डेनिम हें नांव फ्रान्समधील नीम शहरावरून पडलें असें सामान्यतः मानतात. नीळीनें रंगविलेला ताणा, पांढरा बाणा, आणि तिरप्या रेघेची वीण, ही त्याची घडण. अमेरिकेंत नेवाडा प्रांतांतील जेकब डेव्हिस नांवाच्या शिंप्यानें, कामकऱ्यांच्या विजारींचे खिसे सारखे फाटतात हें पाहून, ताण पडणाऱ्या जागीं तांब्याचे खिळे ठोकले. लीव्हाय स्ट्रॉस या कापडव्यापाऱ्याबरोबर त्यानें २० मे १८७३ रोजीं त्याचें पेटंट घेतलें. शिंप्यानें गिऱ्हाइकाची अडचण पाहिली आणि त्यांतून जगाचा पोशाख जन्मास आला.

अशी विजार मागावरून निघून न धुतां तशीच शिवली, तर तिला कोरें डेनिम म्हणतात. प्रथम ती पुठ्ठ्यासारखी ताठ असते. तिचा रंग पहिले कांहीं महिने हातास, बैठकीस लागतो, आणि पहिल्या धुण्यांत ती आटतेहि. म्हणून घेतांना माप जपून घ्यावें लागतें. मग लोक ती कां घेतात? याचें उत्तर नीळीच्या स्वभावांत आहे. महाराष्ट्रांतील निराळी या नीळ रंगविणाऱ्या जातीस तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. नीळीच्या कुंडांतून सूत वर काढलें कीं प्रथम तें हिरवटपिवळें दिसतें, आणि हवा लागतांच निळें होतें. असें अनेकदां बुडवून गडद रंग आणतात. तरी रंग धाग्याच्या बाहेरच्या अंगावरच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून जेथें कापड घांसलें जातें, तेथें तें फिकट होतें. गुडघ्यावर, खिशाच्या तोंडाशीं, बसण्याच्या ठिकाणीं, वापरणाऱ्याच्या सवयी त्या कापडावर हळूहळू उमटतात.

बाजारास एवढा धीर नसतो. नवी विजार कारखान्यांतच घांसून, धुवून जुनी करून विकण्याची रूढि पडली. या खोट्या जुनेपणाकरितां कापडावर वाळूचा फवारा मारीत. तुर्कस्तानांत हें काम करणाऱ्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांत वाळूची धूळ जाऊन त्यांस सिलिकोसिस हा असाध्य रोग जडला, तेव्हां २००९ सालीं तेथील सरकारनें या पद्धतीवर बंदी घातली. विजारीच्या गुडघ्यावरील फिकट डाग हा कोणाच्या कष्टांचा, आणि कोणत्या कष्टांचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीनिवडीचा राहात नाहीं.

चामड्याचें जाकीटहि मुळांत कामाचाच पोशाख. उघड्या विमानांतील बोंचरी थंडी सोसणाऱ्या वैमानिकांकरितां तें रूढ झालें; अमेरिकन सैन्यानें आपल्या वैमानिकांस १९३१ सालीं जें जाकीट दिलें, त्याच्याच वळणावर आजचीं अनेक जाकिटें बेतलेलीं असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो. तेव्हां येथें हा पोशाख थंडीच्या थोड्या दिवसांपुरताच, हें घेणाऱ्यानें आधींच समजून असावें. चामड्याची पारख महाराष्ट्रास नवी नाहीं. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें कोल्हापुरी वहाणेचें चामडें वापरानें काळवंडतें, मऊ होतें, परंतु त्याचे पापुद्रे सुटत नाहींत. चामड्याचा वरचा थर हाच बळकट असतो. तो चिरून वेगळा काढल्यावर खालच्या दुबळ्या थरावर जाड लेप देऊन तेंहि चामडें म्हणूनच विकतात. पृष्ठभाग अगदीं एकसारखा, छापल्यासारखा दिसला, तर शंका घ्यावी. वांकविल्यावर बारीक सुरकुत्या पडतात कीं नाहीं, आणि कापलेल्या कडेस तंतू दिसतात कीं लेपाचा थर दिसतो, हें पाहावें.

हिमरूवरहि आज हाच प्रसंग आला आहे. अजिंठा-वेरूळ पाहण्यास येणारे प्रवासी हिमरूचें नांव ऐकून येतात. त्यांच्यापुढें यंत्रमागावर विणलेलें, पुष्कळदां कृत्रिम धाग्याचें कापड हिमरू म्हणून ठेवलें जातें. वास्तविक नक्कल करणें हा अपराध असता, तर पहिला अपराधी हिमरूच ठरेल. परंतु हिमरूनें किनखापाची नक्कल केली ती आपलें नांव सांगून, आणि कमी किंमतींत ऊब देऊन. नव्या कापडानें हिमरूचें नांव घेतलें आहे. त्याची पाठ मात्र घेतलेली नाहीं. यंत्रमागाचें कापड आपल्या नांवानें विकलें जावें, त्यास कोणाचीच हरकत नाहीं. ज्यास तें परवडतें त्यानें तें सुखानें घ्यावें. परंतु ज्या कापडास दोन माणसांचे अनेक दिवस लागतात, आणि जें यंत्र घटकाभरांत काढतें, त्या दोहोंस बाजारांत एकच नांव मिळालें, कीं भावहि लवकरच एक होतो. मग हातमागावर बसणाऱ्यानें बसावें कशासाठीं? विणकराच्या मुलानें धोटा खालीं ठेवून कारखान्याची वाट धरली, तर त्यास दोष देतां येत नाहीं. शहरांतील हिमरूचे हातमाग आतां अगदीं थोडे उरले आहेत.

यावर उपाय म्हणून अनुदानें, प्रदर्शनें, शिक्षणवर्ग हीं सर्व आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्याइतकाच एक उपाय घराघरांतील गिऱ्हाइकाच्या हातीं आहे, आणि त्यास खर्च कांहींच नाहीं. कापड घेतांना तें उलटून पाहावें. दोन बोटांत चोळून खळ झडते का पाहावी. खळीनें जाड झालेलें विरळ कापड धुतल्याबरोबर लंगडें पडतें. उजेडासमोर धरून वीण पाहावी. दुकानदाराच्या परवानगीनें कडेचा एखादा धागा काढून जाळावा. जळलेल्या केसांसारखा वास येऊन चुरगळणारी राख राहिली, तर तें रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला, तर सूत. धागा वितळून त्याचा कठीण मणी झाला, तर तो कृत्रिम. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी धाग्यावरून कापडाची होते.

चिकलठाण्याच्या रस्त्यावरील त्या तिघांचें आतां काय सांगावें? कामगाराची जाड विजार बहुधा तिघांत सर्वांत प्रामाणिक निघेल. कारण ती कामासाठीं घेतलेली आहे, आणि काम खोटें कापड फार दिवस चालूं देत नाहीं. जाकिटाचा निकाल त्याच्या कापलेल्या कडेवर लागेल. नवरदेवाच्या शेरवानीचें मात्र अद्याप ठरावयाचें आहे. दुकानांत ती पसंत करतांना वऱ्हाडांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें ‘जरा अस्तर उसवून पाठ दाखवा’ असें म्हटलें, आणि पाठीवर रेशमाचे मोकळे धागे मऊपणें हातास लागले, तर त्या लग्नाच्या खर्चांतील कांहीं रुपये एखाद्या खड्डामागापर्यंत जाऊन पोंचतील.